नव्वद पिक्सेल

जर्मनीत बॉबलिंगेनला असताना तीन वर्षं मी तिथल्या मराठी मंडळाची वेबसाइट सांभाळली. लोकांना वाटायचं, केवढं मोठं काम. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं काम एकच होतं: कुणाचा फोटो पानावर केवढा दिसावा.

तेव्हा डिजिटल कॅमेरे नवे होते. लोक कॅमेऱ्यातून निघेल तसा फोटो मेलला चिकटवून पाठवायचे. तो जसाच्या तसा पानावर टाकला तर पान उजवीकडे भिंत फोडून जायचं. म्हणून फोटोशेजारी त्याची रुंदी लिहायची. चारशे लिहिलं की चारशे ठिपक्यांत दिसतो, शंभर लिहिलं की शंभरात. फोटो तोच असतो, दिसतो तेवढा लहान. एवढ्याशा आकड्यासाठी शिकलीसवरलेली, गाड्यांची इंजिनं डिझाइन करणारी माणसं कुठल्या थराला जातात ते मी पाहिलं, आणि मला माणसांचा वीट आला.

अध्यक्षांच्या बायकोचा पहिला फोन मला अजून आठवतो. "अगं, ह्यांचा फोटो आणि त्या जेवणवाल्याचा फोटो एकाच मापाचा? बरं दिसतं का ते?"

"काकू, सगळेच त्या मापाचे आहेत."

"तेच म्हणतेय मी."

दुसऱ्या एका गृहस्थांनी नाटकात सैनिकाचं काम केलं होतं, वाक्य एक. त्यांचा फोन आला की फोटोत डोळे मिटलेत हे त्यांना माहीत आहे, तरी माप मोठं ठेव, कारण सासुरवाडीची माणसं पुण्याहून बघतात. असे फोन मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून घ्यायची आणि परत जागेवर येऊन आकडे बदलायची. हसायचीसुद्धा. तोवर ते हसण्यासारखंच होतं.

मग सेक्रेटरींनी त्यावर तोडगा काढला. हे मेकॅनिकल इंजिनियर, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, वीस वर्षं जर्मनीत मुरलेले, 'तर' म्हणायच्या ऐवजी 'आल्झो' म्हणणारे. त्यांनी मला एक कागद दिला. सुट्या भागाचं ड्रॉइंग असावं तसा, बाणबीण काढून.

"आल्झो, तीन मापं. मोठा चारशे, मधला दोनशे चाळीस, छोटा नव्वद. पाहुणे, अध्यक्ष आणि गणपती मोठ्यात. कमिटी आणि आपले सण मधल्यात. बाकी सगळं छोट्यात. टॉलरन्स शून्य."

"छोट्यावर क्लिक केलं की मोठा उघडू द्यायचा ना?"

"नको. छोट्याला क्लिक कशाला? सर्व्हरवर लोड येतो."

सर्व्हरवर लोडबिड काही येत नाही हे मला कळत होतं. पण मी मान डोलावली. मान डोलवण्याचं एक कारण होतं, ते आताच सांगून टाकते.

आमच्या घराण्यात दहावीच्या पलीकडे गेलेली मी पहिली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. मी इंजिनियर झाले, नोकरी लागली, कंपनीने जर्मनीला पाठवलं. आम्ही बौद्ध. हे सांगायला मला कधी लाज वाटलेली नाही, असं मी पूर्वी सगळीकडे ठासून सांगायची. पण बॉबलिंगेनला आल्यावर मंडळातल्या पहिल्या संक्रांतीला काकूंनी आडनाव विचारलं. नवऱ्याचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. काकू म्हणाल्या, "अय्या, म्हणजे तुम्ही आमच्यातलेच," आणि माझ्या हातात तिळगुळाची वाटी दिली. मी ती घेतली आणि 'नाही' म्हणाले नाही. नवरा सोमवार ते शुक्रवार फ्रँकफर्टला असायचा. शनिवारी त्याला सांगितलं तर म्हणाला, "आपण होऊन कशाला विषय काढायचा? विचारलं तर सांगू." पुढे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना उत्तर मिळालं होतं.

त्या भागात आपल्या लोकांची पाचसहा घरं होती. कुणी गाड्यांच्या कंपनीत, कुणी संशोधन संस्थेत. एप्रिलमधली जयंती ते श्टुटगार्टला एका चर्चचा हॉल भाड्याने घेऊन करायचे. त्यांच्यातल्या एका संशोधक बाईंनी मंडळाला मेल पाठवला, सोबत एक फोटो: निळ्या कापडावर ती फ्रेम, फ्रेमला हार, दोन मेणबत्त्या आणि पुढे तीसेक माणसं. लिहिलं होतं, "आमचाही कार्यक्रम आपल्या साइटवर टाकाल तर आनंद होईल." किती नीट, किती अदबीचं पत्र होतं ते. 

मी सेक्रेटरींना फोन केला.

"टाक ना, टाक. आपण सगळ्यांना घेऊन चालतो," ते म्हणाले. "छोट्यात टाक. आणि पानाच्या तळाला."

"तिळगुळाचा मधल्यात आहे."

"तो सण आहे गं. हा त्यांचा कार्यक्रम."

'त्यांचा' म्हणाले ते, आणि माझ्याशी म्हणाले. मी फोनवर "हो" म्हटलं आणि आकडा टाकला, नव्वद. नव्वदमध्ये माणूस ओळखू येत नाही. तीस माणसं म्हणजे राळ्याचे दाणे, आणि मागची फ्रेम म्हणजे शाईचा डाग. ज्या फोटोमुळे आमच्या घरात पहिल्यांदा पाटी-पेन्सिल आली तो फोटो मी माझ्या हाताने डागाएवढा केला, आणि मग कॉफी प्यायला गेले.

दुसऱ्या वर्षी पुन्हा मेल आला, पुन्हा तेवढाच अदबीचा. त्या वर्षी मी सेक्रेटरींना विचारलंही नाही. न विचारता नव्वद टाकला. सांगितलं म्हणून केलेल्यापेक्षा हे कुणी न सांगता केलेलं मला जास्त घाण वाटतं.

तिसऱ्या वर्षी मार्चअखेर बाबा आले. पहिल्यांदा विमानात बसले होते. आल्या आल्या सात-आठ दिवस त्यांनी घरातला कचरा चार डब्यांत कसा टाकायचा हे शिकण्यात घालवले, आणि माझ्यापेक्षा चांगले शिकले. मग एका सकाळी म्हणाले, "इथं जयंती होत आसंल ना?"

"होते."

"कुठं?"

"श्टुटगार्टला."

"मंग जाऊ. काय नेसायचं ते काढून ठेव."

नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते बाबांना सांगता येण्यासारखं नव्हतं.

हॉलमध्ये आम्ही शिरलो तेव्हा खुर्च्या मांडणं चालू होतं. बाबांनी दारातच हात जोडून आमच्याकडे घालतात तो नमस्कार खणखणीत आवाजात घातला आणि सगळ्या हॉलने तो तसाच परत केला. तीन वर्षांत मी तो शब्द जर्मनीत मोठ्याने ऐकला नव्हता. बाबा लगेच खुर्च्या लावायला गेले. कुणीतरी म्हणालं, "काका, तुम्ही बसा, तुम्ही पाहुणे." बाबा म्हणाले, "पावना कसला? घरचं काम हाय."

वंदना झाली, दोन भाषणं झाली. बाबांना बोलायला सांगितलं. ते चार मिनिटं बोलले असतील. शाळेच्या व्हरांड्यात बसून मला पाढे कसे शिकवले ते सांगितलं, स्वतःला येत नव्हते म्हणून मास्तरांकडून आधी पाठ करून घ्यायचे तेही सांगितलं. लोक हसले. मग सगळ्यांचा फोटो निघाला, बाबा मधोमध, फ्रेमच्या खाली.

जेवताना त्या संशोधक बाई ताट घेऊन आमच्या शेजारी येऊन बसल्या. माझ्याच वयाच्या, विदर्भातल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही मंडळाच्या साइटचं बघता ना?"

"हो."

"एक विचारू? आमचा फोटो दरवर्षी एवढासाच का येतो हो?" त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं.

मी म्हटलं, "जागेचा प्रश्न असतो. पान मोठं झालं की उघडायला वेळ लागतो."

"हो का," त्या म्हणाल्या. "बरं." आणि बाबांच्या ताटात आणखी एक बालुशाही ठेवली.

परतीच्या एस-बान लोकलमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. मग म्हणाले, "ती बाई काय इचारत व्हती?"

मी सांगितलं. जागा, वेळ, तेच सगळं.

बाबा म्हणाले, "मी अठ्ठावीस वर्षं शाळंच्या हापिसात फोटो टांगले. कुणाची फ्रेम मधी, कुणाची कपाटाच्या मागं, ते हेडमास्तर ठरवायचे. जागा कमी हाय, आसंच म्हनायचे तेबी. भिंत रिकामी आसायची." मग म्हणाले, "ठरवलं कुणी ते राहू दे. खिळा कुणी ठोकला?"

डब्यात आमची भाषा कळणारं कुणी नव्हतं, तरी मी हळू आवाजात सांगितलं. "मी."

"तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

"त्यांना म्हाईत हाय, तू कोन ते?"

"नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मला नोकरी व्हती. तिसरीपसून शाळा सुटलेला मानूस, नाही कसं म्हनंल? तुला कशाचं भ्या व्हतं?" मला कशाचीच भीती नव्हती. मला फक्त तिळगुळाची वाटी हवी होती. सोळा वर्षं शिकून, डिग्री भिंतीला लावून, मला एका बाईच्या हातची वाटी हवी होती.

उतरताना बाबा म्हणाले, "तिला खरं सांग. मी जायच्या आत."

मी त्यांचं ऐकलं नाही. म्हणजे लगेच ऐकलं नाही. मी आधी कमिटीशी भांडायला गेले, कारण ते सोपं होतं.

मे महिन्याच्या कार्यक्रमाची बैठक अध्यक्षांच्या घरी होती. अध्यक्ष, काकू, सेक्रेटरी आणि मी. उपमा झाला, चहा झाला. मी म्हटलं, साइटवरच्या सगळ्या फोटोंना एकच माप ठेवू, दोनशे चाळीस, आणि सगळे क्लिक करून उघडू देत.

"कारण?" सेक्रेटरी म्हणाले. "सिस्टीम चालू आहे की व्यवस्थित."

"जयंतीचा फोटो दिसत नाही."

"ते दरवर्षी पाठवतात, आपण दरवर्षी टाकतो. आणखी काय करायचं? तुला का एवढं लागतंय?"

"कारण मी त्यांच्यातलीच आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. काकू म्हणाल्या, "अगं पण तू तर अजिबात..." आणि थांबल्या. मग वाक्य पुरं केलं, "वाटत नाहीस."

त्यांना ते कौतुक वाटत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच माया होती, आणि त्या मायेचीच मला सगळ्यात जास्त किळस आली. वाईट माणसाला तोंड देता येतं. तुमच्या पाठीवरून हात फिरवत जो तुमच्या माणसांना कचऱ्यात काढतो, त्याला कसं तोंड द्यायचं?

अध्यक्ष म्हणाले, "हे बघ, आमच्याकडे असलं काही नसतं. आम्ही तुझ्या घरी जेवलोय."

जेवलोय. म्हणजे ती आता माझ्यावर केलेली मेहेरबानी झाली होती, मागच्या तारखेने. त्यांना ठाऊक नसताना खाल्लेला वरण-भात त्यांनी माझ्यासमोर उपकार म्हणून ठेवला.

सेक्रेटरी व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "आल्झो, मार्ग काढू. तुझे वडील आलेत ना? भाषण छान केलं म्हणे. त्यांचा एकट्याचा फोटो आपण मोठ्यात टाकू. चारशे. हवं तर पहिल्या पानावर. बाकीचं आहे तसं राहू दे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," अध्यक्ष म्हणाले. "छान कल्पना."

इथे मला एक गोष्ट लपवायची नाही. अर्ध्या क्षणापुरतं ते मला आवडलं. पहिल्या पानावर बाबा, चारशे ठिपके रुंद, अध्यक्षांएवढे. तालुक्याच्या गावात इंटरनेटच्या दुकानात त्यांचे शाळेतले मास्तर ते पान उघडून बघतायत, असं सगळं दिसून गेलं. मोजून अर्धा क्षण. पण तेवढ्यात मी किती स्वस्त आहे ते मला समजलं.

"बाबांचा एकट्याचा फोटो नाही," मी म्हटलं. "ते त्या तीस माणसांतच आहेत."

"मग काप ना त्यातून. क्रॉप कर," सेक्रेटरी म्हणाले. अगदी सहज. उपम्याची बशी उचलत.

मी घरी आले आणि कागदावरची तिन्ही मापं काढून टाकली. सगळ्यांना दोनशे चाळीस. गणपती, पाहुणे, अध्यक्ष, जेवणवाला, सैनिक, आणि या वर्षीच्या नव्या फोटोसकट जयंती. जयंतीची माणसं आता ओळखू येत होती. बाबांना बोलावून दाखवलं. ते खुर्ची ओढून बसले, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून "हा नागपूरचा, ही त्याची मंडळी" असं करत गेले. मग म्हणाले, "तिला सांगितलंस?"

"आता फोटो मोठा झालाय ना."

"मी ते इचारलं नाही."

ते पान शनिवारपासून सोमवारपर्यंत टिकलं. सोमवारी दुपारी माझा पासवर्ड चालेना. सेक्रेटरींनी जुनी प्रत चढवली होती, मोठा मोठा, छोटा छोटा. त्यात जयंतीचं पान मात्र नव्हतं, तिन्ही वर्षांचं. मेल आला: तांत्रिक कारणाने काही मजकूर गेला, दिलगीर आहोत, तुझ्यावर कामाचा फार भार पडतो म्हणून साइटची जबाबदारी आता मी घेतो आहे, तुझ्या योगदानाबद्दल मंडळ ऋणी आहे. खाली हसरा चेहरा. मंगळवारी माझा स्टीलचा डबा, जो काकूंकडे संक्रांतीपासून होता, घासूनपुसून एका पिशवीत आमच्या दाराच्या मुठीला लटकलेला मिळाला. बेल वाजवली नव्हती.

मला वाटलं होतं, मी संतापेन. तसं झालं नाही. नुसती शिसारी आली, जशी बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस काढताना येते. त्यातले काही केस आपलेही असतात.

बाबांच्या परतीला चार दिवस उरले होते. बुधवारी संध्याकाळी ते ओट्याशी कांदा चिरत होते. मी फोन लावला. संशोधक बाईंनीच उचलला.

मी एका दमात सांगितलं. जागेचा प्रश्न कधीच नव्हता. नव्वदचा आकडा सेक्रेटरींनी सांगितला पण टाकला मी, दुसऱ्या वर्षी तर कुणी न सांगता टाकला. आणि मी कोण आहे हे मी तिथे तीन वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"पहिल्या वर्षी आईला फोटो दाखवायचा होता. क्लिक होईना. म्हणून पानाचा आतला मजकूर उघडला, फोटोचा पत्ता शोधायला. तिथे तुम्ही लिहून ठेवलं होतं. जयंती, छोटा, क्लिक नको, सेक्रेटरींच्या सांगण्यावरून. खाली तुमची आद्याक्षरं."

ऑफिसातली सवय. कोणताही बदल केला की शेजारी कारण आणि नाव लिहायचं, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. पानावर ते दिसत नाही, पण आत कुणीही बघू शकतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आत कुणी बघेल एवढी किंमत मी त्या लोकांना दिली नव्हती.

"सगळ्यांना माहीत आहे?" मी विचारलं.

"आमच्या सहाही घरांना."

म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये ज्यांनी ज्यांनी मला ताट वाढलं, त्या सगळ्यांना. ज्यांनी बाबांच्या नमस्काराला उत्तर दिलं, त्या सगळ्यांना.

"मग मला विचारलंत कशाला?"

"तुम्ही सांगता का, ते बघायचं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही पहिल्यांदाच आमच्याकडे आला होतात. म्हटलं, सांगतील."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"हो," त्या म्हणाल्या. 'असू दे' म्हणाल्या नाहीत, 'होतं असं' म्हणाल्या नाहीत. मला वाटतं मी त्याचीच वाट पाहत होते, एखादी वाटी हातात येण्याची. ती आली नाही, आणि येऊ नये हेच बरोबर होतं.

मी म्हटलं, "तुमच्यासाठी वेगळी साइट करून देऊ का? मला एक आठवडा लागेल."

"आमच्यात दोन जण करू शकतात. करायची की नाही ते बसून ठरवू." मग म्हणाल्या, "काका आहेत का घरी? त्यांना द्या ना फोन. त्यांनी पाढ्यांचं सांगितलं ते माझ्या मुलाला परत ऐकायचंय."

मी फोन बाबांना दिला. त्यांनी कांद्याचे हात पंच्याला पुसले, फोन घेतला आणि त्या मुलाशी मराठीत बोलायला लागले. तो जर्मनमध्ये उत्तरं देत असावा, कारण बाबा मधूनमधून "या, या" म्हणत होते, म्हणजे 'हो, हो', आल्यापासून शिकलेला एकच जर्मन शब्द. बे एके बे पासून सुरुवात झाली. पाढे एकोणतीसपर्यंत गेले. मी उरलेला कांदा चिरायला घेतला.